खेळसाहित्य बनवणारी कंपनी बुडाली, तर तिच्या पेटंटचं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॅकेट, सायकल, हेल्मेट, ट्रेडमिल, गोल्फचा चेंडू बनवणारी एखादी कंपनी बंद पडल्याची बातमी आली, की आठवड्याभरात तेच ते प्रश्न येऊ लागतात. विचारणारे मात्र वेगवेगळे असतात. कोणी त्या कंपनीत दहा वर्षं डिझाइन केलेलं असतं, कोणी तिच्याकडून परवाना घेऊन माल बनवत असतो, कोणाचे पैसे अडकलेले असतात, तर कोणाच्या दारात तिची सायकल उभी असते. पेटंट हा प्रत्येक देशाने वेगळा दिलेला हक्क आहे. त्यामुळे जिथे उत्तर देशागणिक बदलतं, तिथे देशाचं नाव घातलं आहे. पैसे गुंतवण्याआधी किंवा आलेल्या नोटिशीला उत्तर देण्याआधी त्या देशातल्या पेटंट वकिलाला कागद नक्की दाखवा.

१. कंपनी बंद पडली की तिची पेटंटं आपोआप रद्द होतात का?

नाही. सर्वांत जास्त गैरसमज याच बाबतीत आहे आणि त्यापायी लोक अडचणीत येतात. पेटंट ही मालमत्ता आहे. गोदामातली यंत्रं जशी कंपनीला टाळं लागल्यावरही जागेवरच असतात, तसं पेटंटही राहतं. त्याची मुदत अर्ज केल्याच्या तारखेपासून साधारण २० वर्षांची असते. मालक जगला की बुडाला, याचा त्या मुदतीशी संबंध नाही.

पेटंट मुदतीआधी संपतं ते मुख्यतः तीन कारणांनी: नूतनीकरणाचं शुल्क भरलं नाही, कोणीतरी आव्हान देऊन ते रद्द करून घेतलं, किंवा मालकाने स्वतःहून सोडून दिलं. बुडालेल्या कंपन्यांच्या बाबतीत पहिलंच कारण सर्वांत घातक ठरतं (प्रश्न ६ पाहा).

२. मग पेटंटवर ताबा कोणाचा असतो?

कंपनी कोणत्या प्रक्रियेत आहे, त्यावर ते ठरतं. कंपनी पुन्हा उभी करण्याचा प्रयत्न चालू असेल, तर मालकी कंपनीकडेच राहते, पण निर्णय कोण घेणार ते बदलतं. अमेरिकेत चॅप्टर ११ (कंपनी पुन्हा उभी करण्याची दिवाळखोरी प्रक्रिया) खाली बहुतेक वेळा जुनं व्यवस्थापनच न्यायालयाच्या देखरेखीखाली कारभार करतं. भारतात २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार कारभार रिझोल्यूशन प्रोफेशनल म्हणजे त्यासाठी नेमलेल्या व्यावसायिकाच्या हाती जातो. कंपनी गुंडाळायचीच ठरली, की अवसायक (मालमत्ता विकून देणी भागवणारा अधिकारी) किंवा ट्रस्टी येतो आणि पेटंटं विकायच्या मालमत्तेत धरली जातात. भारतीय संहितेत बौद्धिक संपदेचा तसा स्पष्ट उल्लेख आहे.

अवसायकाचं काम धनकोंचे जास्तीत जास्त पैसे वसूल करणं हे असतं. शोध चांगला आहे, तो वाया जाऊ नये, ही त्याची जबाबदारी नाही. त्याला पेटंटातलं तंत्र कळतच असेल असंही नाही. म्हणून त्या पेटंटात तुमचा काही हितसंबंध असेल, तर त्याच्या पत्राची वाट पाहू नका. आपण होऊन लेखी कळवा.

३. पेटंटं विकली कशी जातात? घेणाऱ्याला जुनी देणीही घ्यावी लागतात का?

बहुतेक वेळा संपूर्ण व्यवसाय एकत्र विकला जातो आणि पेटंटं त्याच्याबरोबर जातात. आधी एक खरेदीदार बोली नक्की करतो, ती बोली पायाभूत धरून इतरांना जास्त बोली लावायची संधी मिळते आणि शेवटी न्यायालय मंजुरी देतं. बाउर हॉकी आणि ईस्टन बेसबॉल या नावांची मालक असलेली परफॉर्मन्स स्पोर्ट्स ग्रुप ऑक्टोबर २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली. सगार्ड आणि फेअरफॅक्स या गुंतवणूक कंपन्यांनी ५७.५ कोटी डॉलरच्या बोलीने २०१७ च्या सुरुवातीला तो व्यवसाय घेतला. घरगुती व्यायामयंत्रं बनवणारी बोफ्लेक्स (आधीची नॉटिलस) मार्च २०२४ मध्ये चॅप्टर ११ मध्ये गेली आणि जॉन्सन हेल्थ टेकने ती ३.७५ कोटी डॉलरना घेतली.

अशा न्यायालयीन विक्रीत खरेदीदाराला मालमत्ता सहसा जुन्या बोज्यांतून मोकळी करून मिळते. बुडीत कंपन्यांची पेटंटं घ्यायला लोक पुढे येतात, त्याचं मोठं कारण हेच. पण कर्जाचा बोजा उतरला म्हणजे सगळेच बोजे उतरले असं नाही. आधी दिलेले परवाने पेटंटाबरोबर येऊ शकतात (प्रश्न ८), आणि सहमालक असेल तर तोही येतोच (प्रश्न १४).

४. ब्रँड एकाकडे आणि पेटंट दुसऱ्याकडे, असं होतं का?

होतं, आणि वारंवार होतं. स्पाल्डिंगचंच पाहा. २००३ मध्ये स्पाल्डिंग हे नाव आणि चेंडूंचा बाकी व्यवसाय रसेल कॉर्पोरेशनकडे गेला. गोल्फचा भाग टॉप-फ्लाइट गोल्फ कंपनी या नावाने मागे उरला. त्याच वर्षी तो भाग दिवाळखोरीत गेला आणि कॅलवे गोल्फने विकत घेतला. म्हणजे स्पाल्डिंगमध्ये लागलेल्या गोल्फ चेंडूच्या शोधांची पेटंटं ज्या कंपनीकडे गेली, तिच्याकडे स्पाल्डिंग हे नाव नव्हतं. श्विनचीही २००१ च्या दिवाळखोरीत अशीच वाटणी झाली. सायकली पॅसिफिक सायकलकडे गेल्या आणि व्यायामयंत्रं डायरेक्ट फोकसकडे, जी पुढे नॉटिलस म्हणून ओळखली गेली.

तेव्हा दुकानात जुनं नाव पुन्हा दिसलं म्हणून त्या नावाच्या मालकाला पेटंटाबद्दल पत्र लिहू नका. आधी पेटंट कार्यालयाचं रजिस्टर पाहा, मालकाची नोंद तिथे असते.

५. बुडालेल्या कंपनीचं पेटंट विकत घेऊन कोणी दुसऱ्यावर खटला भरू शकतं का? ती वस्तू तर आता कोणी बनवतही नाही.

भरू शकतं. पेटंट म्हणजे दुसऱ्याला अडवण्याचा हक्क. मालक स्वतः ती वस्तू बनवत नसला, तरी हा हक्क टिकतो.

खेळसाहित्याच्या जगातलं याचं सर्वांत मोठं उदाहरण वरच्याच सौद्यातून निघालं. टॉप-फ्लाइटबरोबर कॅलवेकडे अनेक थरांच्या गोल्फ चेंडूची चार पेटंटं आली. फेब्रुवारी २००६ मध्ये कॅलवेने टायटलिस्ट चेंडू बनवणाऱ्या अ‍ॅकुशनेटवर अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये खटला भरला. वादाचा विषय होता टायटलिस्ट प्रो व्ही१. अव्वल गोल्फपटूंच्या हातात तेव्हा सर्वांत जास्त दिसणारा चेंडू तोच. डिसेंबर २००७ मध्ये ज्यूरीने पेटंटांतले बहुतेक दावे (म्हणजे शोधाचा नेमका कोणता भाग राखीव, हे सांगणारी कलमं) वैध धरले आणि नोव्हेंबर २००८ मध्ये न्यायालयाने विक्रीवर बंदी घातली. बाजारातला आघाडीचा चेंडू, आणि त्याला अडवणारा कागद एका बुडालेल्या कंपनीच्या मालमत्तेतून आलेला! पुढे ऑगस्ट २००९ मध्ये अपिलात निकालाचा मोठा भाग फिरला, मार्च २०१० मध्ये दुसऱ्या ज्यूरीने ते दावे अवैध ठरवले आणि २०१२ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसात मिटवलं.

मला या प्रकरणातून दोन गोष्टी दिसतात. स्पर्धक बुडाला म्हणून निर्धास्त झालेला उत्पादक चुकतो, कारण तेच पेटंट त्याहून तगड्या हातात जाऊ शकतं. आणि लिलावात पेटंट मिळालं म्हणजे ते पक्कं आहे असंही नाही. न्यायालयाने विक्री मंजूर केली, याचा अर्थ पेटंटाची वैधता तपासली असा होत नाही.

खरेदी करणाऱ्यांसाठी आणखी एक बाब. हस्तांतरणाच्या आधी झालेल्या उल्लंघनाची भरपाई मागायची असेल, तर तो हक्क हस्तांतरणपत्रात स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. अमेरिकेत नुसतं ‘पेटंट विकलं’ एवढ्यावर मागची भरपाई मागता येत नाही.

६. दिवाळखोरी चालू असताना नूतनीकरणाचं शुल्क कोण भरतं?

ज्याच्या हाती कारभार आहे त्याने भरायचं असतं. पण पैसा मर्यादित असतो, पेटंटं अनेक देशांत पसरलेली असतात आणि प्रत्येक तारीख वेगळी असते. अमेरिकेत पेटंट मंजूर झाल्यापासून साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी शुल्क भरावं लागतं. भारतात आणि युरोपातल्या देशांत ते दरवर्षी भरायचं असतं, भारतात तिसऱ्या वर्षापासून. तारीख चुकली तर सहसा आणखी सहा महिने जादा आकार भरून ते भरता येतं. त्यानंतर पेटंट संपतं.

लोकांना वाटतं, न्यायालयाने स्थगिती दिली आहे म्हणजे सगळी घड्याळं थांबली. तसं नाही. ती स्थगिती धनकोंनी कंपनीविरुद्ध करायच्या वसुलीवर असते. ती पेटंट कार्यालयाच्या मुदतीलाही लागू होईल, अशा भरवशावर कोणीही राहू नये.

माझ्याकडे एकदा एक डिझायनर ट्रेकिंगच्या काठीचा खटका घेऊन आले होते. अंगठ्याने दाबला की काठी अडकायची, हातमोजा घातलेल्या हातानेही. ते रचनेबद्दल बोलत होते आणि मी समोर रजिस्टरचं पान उघडलं होतं. पान अगदी साधं असतं: क्रमांक, अर्जाची तारीख, मालकाचं नाव, पत्ता आणि खाली शुल्काच्या ओळी. सातव्या वर्षापर्यंत प्रत्येक ओळीत भरल्याची तारीख होती. आठव्या ओळीत काहीच नव्हतं. जादा आकाराची सहा महिन्यांची मुदत उलटून नऊ दिवस झाले होते. स्मरणपत्रं गेली होती ती कंपनीच्या ईमेलवर, आणि ते ईमेल खातं टाळेबंदीच्या महिन्यातच बंद झालं होतं. अवसायकाच्या यादीत पेटंट होतं, पण यादीत शुल्काची तारीख कोणी लिहिली नव्हती. कोणी काही मुद्दाम केलं नव्हतं, आणि म्हणूनच मला ते फार लागलं. त्यांनी तो खटका टेबलावर ठेवला आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले.

तुम्ही परवानाधारक असाल, धनको असाल किंवा खरेदीच्या बेतात असाल, तर पुढच्या बारा महिन्यांतल्या शुल्काच्या तारखा स्वतः काढा आणि कारभाऱ्याला पाठवा. अनेक देशांत शुल्क त्रयस्थालाही भरता येतं. परवाना करारात ‘मालकाने न भरल्यास परवानाधारक भरेल आणि रॉयल्टीतून वळतं करेल’ असं कलम असेल, तर अशा वेळी त्याचं मोल कळतं.

७. रजिस्टरवर पेटंट संपलेलं दिसतंय. आता ते डिझाइन मी बनवू शकतो का?

कदाचित, पण लगेच साचा टाकू नका. संपलेलं पेटंट काही काळ पुन्हा जिवंत होऊ शकतं. भारतात संपल्यापासून १८ महिन्यांत पुनर्स्थापनेचा अर्ज करता येतो. अमेरिकेत विलंब जाणूनबुजून झाला नव्हता हे दाखवून शुल्क स्वीकारण्याची विनंती करता येते. बुडालेल्या कंपनीच्या बाबतीत नवा खरेदीदार येऊन हेच करू शकतो. पेटंट मृत असल्याच्या काळात प्रामाणिकपणे उत्पादन सुरू केलेल्याला बहुतेक कायदे काही संरक्षण देतात, पण ते किती आणि कुठपर्यंत, हे देशावर आहे.

शिवाय एका वस्तूवर एकच पेटंट क्वचितच असतं. बुटाच्या तळव्याचं पेटंट संपलं, तरी लेसच्या यंत्रणेचं चालू असू शकतं. आकारावर डिझाइनची वेगळी नोंदणी असू शकते आणि नाव तर ट्रेडमार्कच आहे, जो शुल्क भरत राहिल्यास वर्षानुवर्षं टिकतो. एका देशात संपलेलं पेटंट शेजारच्या देशात चालू असणं हीही नेहमीची गोष्ट आहे. माल जिथे बनणार आणि जिथे विकला जाणार, त्या प्रत्येक देशाचं रजिस्टर पाहावं लागतं.

८. आम्ही त्या कंपनीकडून परवाना घेऊन माल बनवतो. आमचं उत्पादन थांबेल का?

याचं उत्तर देशागणिक सर्वांत जास्त बदलतं, म्हणून जरा विस्ताराने.

अमेरिकेत दिवाळखोर कंपनीला न परवडणारे चालू करार नाकारता येतात. १९८५ मध्ये लुब्रिझोल प्रकरणात अपील न्यायालयाने ठरवलं, की पेटंटमालकाने परवाना करार नाकारला तर परवानाधारकाचा तंत्र वापरण्याचा हक्कच जातो. उद्योगांमध्ये घबराट झाली. १९८८ मध्ये संसदेने कायद्यात कलम ३६५(एन) घातलं. त्यामुळे परवानाधारक रॉयल्टी भरत राहून उरलेल्या मुदतीपर्यंत पेटंट वापरू शकतो. मात्र सुधारणा, प्रशिक्षण, तांत्रिक मदत अशी मालकाने करायची कामं तो मागू शकत नाही.

त्या कलमात ट्रेडमार्क नव्हता, आणि ती उणीव खेळाच्या कपड्यांच्याच एका प्रकरणात वर आली. टेम्पनॉलॉजी ही कंपनी व्यायाम करताना अंग थंड ठेवणारे कपडे ‘कूलकोअर’ नावाने विकायची. २०१५ मध्ये ती दिवाळखोरीत गेली आणि तिने मिशन प्रॉडक्ट या कंपनीला ते नाव वापरू देणारा करार नाकारला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मे २०१९ मध्ये आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल आला: करार नाकारणं म्हणजे करारभंग, त्याने आधी दिलेला परवाना परत घेतला जात नाही. मला हा निकाल न्याय्य वाटतो. ज्याने विश्वासाने पैसे भरून माल बनवला, त्याच्या पायाखालची जमीन मालकाच्या दिवाळखोरीने निघून जाऊ नये.

जपानमध्ये २०११ च्या दुरुस्तीनंतर साधा (एकट्यालाच दिलेला नसलेला) परवानाही नोंदणीशिवाय नव्या मालकावर बंधनकारक असतो. जर्मनीत प्रशासकाला चालू करार पुढे न्यायचा की नाही हे ठरवण्याची मुभा आहे, त्यामुळे तिथे करार कसा लिहिला आहे याला फार महत्त्व येतं. भारताच्या संहितेत ३६५(एन) सारखं खास कलम नाही. परवाना लेखी असणं आणि पेटंट रजिस्टरवर नोंदवलेला असणं, हाच तिथे मोठा आधार.

आज करता येण्यासारखं काही असेल, तर कराराची प्रत, रॉयल्टी भरल्याच्या पावत्या आणि रजिस्टरवरची नोंद एकत्र करा आणि आपला परवाना आहे हे कारभाऱ्याला आणि संभाव्य खरेदीदाराला विक्रीच्या आधी लेखी कळवा. रॉयल्टी थांबवू नका. ‘कंपनीच नाही, कोणाला भरू?’ म्हणून थांबवलेली रॉयल्टी पुढे तुमच्याच विरुद्ध वापरली जाते.

९. बुडालेली कंपनीच दुसऱ्याचं पेटंट परवान्यावर वापरत असेल तर?

तर ते तंत्र तिच्या मालमत्तेत नसतंच. असतो तो फक्त परवाना, आणि तोही मूळ मालकाच्या संमतीशिवाय बहुधा दुसऱ्याला देता येत नाही. अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने तर १९९९ मध्ये असं म्हटलं, की संमतीविना दिवाळखोर कंपनी स्वतःसुद्धा तो करार पुढे चालू ठेवू शकत नाही.

सायकलवाल्यांना आयर्न हॉर्स आठवत असेल. तिच्या उतारावरच्या सायकलींची ख्याती होती ती डीडब्ल्यू-लिंक या सस्पेन्शनमुळे (धक्के शोषणाऱ्या रचनेमुळे), आणि त्याचे जनक होते डेव्ह वीगल. २००९ मध्ये कंपनी बुडाली आणि तिचं नाव डोरेल या दुसऱ्या कंपनीकडे गेलं. डीडब्ल्यू-लिंक मात्र वीगल यांच्याकडेच राहिलं आणि आयबिस, पिव्हट अशा दुसऱ्या सायकलींमध्ये दिसत राहिलं. ब्रँड घेणाऱ्याने हे आधी पाहावं: ज्या गुणामुळे माल खपत होता, तो गुण कंपनीच्या मालकीचा होता का?

१०. शोध माझा, पण पेटंट कंपनीच्या नावावर आहे. आता ते मला परत मिळेल का?

आपोआप नाही. शोधक म्हणून तुमचं नाव पेटंटवर कायम राहतं, पण मालकी तुम्ही आधीच लिहून दिलेली असते. जर्मनीचा कर्मचारी-शोध कायदा अपवाद आहे. तिथे दिवाळखोरीत शोध व्यवसायासह विकला गेला, तर नव्या मालकाला शोधकाचा मोबदला द्यायची जबाबदारी घ्यावी लागू शकते, आणि व्यवसायापासून वेगळा विकला तर कर्मचाऱ्याला तो आधी विकत घेण्याचा हक्क असतो.

इतरत्र खरा मार्ग एकच: खरेदी. तो वाटतो तितका अवघड नसतो. मोठा खरेदीदार आला नाही, तर किरकोळ पेटंटं अवसायकाला ओझंच होतात, कारण ती टिकवायला शुल्क लागतं. ठरावीक रक्कम, सगळा खर्च तुमचा आणि हस्तांतरणाचा मसुदा तयार, असा प्रस्ताव वेळेत गेला तर तो गंभीरपणे घेतला जातो. ‘कंपनी बुडाली तर पेटंट माझ्याकडे येईल’ असं कलम करारात असलं, तरी त्यावर विसंबू नका. फक्त दिवाळखोरीमुळे लागू होणारी कलमं अनेक देशांत अमलात येत नाहीत. ठरावीक काळ उत्पादन न केल्यास किंवा शुल्क न भरल्यास परत, असं कलम त्यापेक्षा टिकाऊ.

११. पेटंट बँकेकडे तारण होतं. मग?

मग विक्रीच्या पैशांवर पहिला हक्क सहसा बँकेचा, जर तारण योग्य ठिकाणी नोंदवलेलं असेल तर. ही योग्य जागा देशागणिक वेगळी असते: भारतात कंपनी निबंधकाकडे, अमेरिकेत राज्याच्या तारण नोंदणीत. खरेदीदाराने पेटंट रजिस्टरबरोबर ही नोंदही पाहावी आणि बोजा उतरवल्याचा कागद हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

१२. अशा पेटंटांना किंमत किती येते?

आधी केलेल्या अंदाजावर विश्वास ठेवू नका. खेळाबाहेरची दोन प्रसिद्ध उदाहरणं सांगतो. नॉर्टेल या बुडालेल्या दूरसंचार कंपनीची सुमारे ६,००० पेटंटं २०११ मध्ये ४.५ अब्ज डॉलरना गेली. पुढच्याच वर्षी कोडॅकच्या डिजिटल छायाचित्रणाच्या पेटंटांना दोन अब्जांहून जास्त येतील असा अंदाज होता, प्रत्यक्षात आले सुमारे ५२.५ कोटी.

खेळसाहित्यात किंमत ठरते ती उरलेल्या वर्षांवर आणि दाव्यांच्या शब्दांवर. हॉवर्ड हेड यांचं मोठ्या डोक्याच्या टेनिस रॅकेटचं अमेरिकी पेटंट १९७६ चं. त्याचा दावा तारांच्या ८५ ते १३० चौरस इंच क्षेत्रफळावर होता. एवढ्या एका आकड्याने ती रॅकेट विकणाऱ्या प्रिन्स कंपनीला वर्षानुवर्षं बाजार राखून दिला. पण तेव्हाच्या १७ वर्षांच्या मुदतीनुसार ते १९९३ मध्ये संपलं. २०१२ मध्ये प्रिन्स दिवाळखोरीत गेली आणि ऑथेंटिक ब्रँड्स ग्रुपकडे आली, तेव्हा त्या ऐतिहासिक पेटंटाची विक्रीमूल्य म्हणून किंमत शून्य होती. उरलं होतं नाव.

१३. माझ्याकडे त्या कंपनीची सायकल आहे. नवा पेटंटमालक मला त्रास देऊ शकतो का?

नाही. रीतसर विकल्या गेलेल्या वस्तूवरचा पेटंटहक्क त्या विक्रीबरोबर संपतो. वापरा, दुरुस्त करा, विका. मोडलेले सुटे भाग बदलणंही दुरुस्तीतच येतं. फक्त जुन्या सांगाड्यावर अख्खी वस्तू नव्याने उभारणं वेगळं. खरी अडचण सर्व्हरची येते. नेदरलँड्सची व्हॅनमूफ जुलै २०२३ मध्ये दिवाळखोर झाली, तेव्हा तिच्या ई-सायकलींचं कुलूप अ‍ॅपवर चालत असल्याने मालक हवालदिल झाले. काउबॉय या स्पर्धक कंपनीने डिजिटल चावी जतन करणारं अ‍ॅप काढून त्यांची सोय केली.

१४. पेटंट दोन कंपन्यांच्या नावावर आहे आणि त्यातली एकच बुडाली. आता?

विकला जातो फक्त बुडालेल्या कंपनीचा हिस्सा. भारतात सहमालकाच्या संमतीशिवाय हिस्सा विकता येत नाही की परवाना देता येत नाही. अमेरिकेत प्रत्येक सहमालक दुसऱ्याला न विचारता, हिशेबही न देता पेटंट वापरू शकतो; खटला भरायला मात्र सहसा सगळे लागतात. म्हणजे तुमचा प्रतिस्पर्धी हिस्सा घेऊन रातोरात तुमचा सहमालक होऊ शकतो. सहमालक असाल तर बोली लावण्याची पहिली गरज तुमची आहे.

१५. कंपनी पेटंटाच्या खटल्यामुळेच बुडाली असेल तर?

अमेरिकी फुटबॉलची हेल्मेटं बनवणाऱ्या शट स्पोर्ट्सचं असंच झालं. ऑगस्ट २०१० मध्ये ज्यूरीने तिला रिडेल कंपनीला २.९ कोटी डॉलर द्यायला सांगितलं, पुढच्याच महिन्यात ती चॅप्टर ११ मध्ये गेली आणि वर्षाअखेर प्लॅटिनम इक्विटी या गुंतवणूकदार संस्थेच्या कंपनीने तिचा व्यवसाय घेतला. खटला जिंकणाऱ्याला हरलेल्याची पेटंटं मिळत नाहीत. भरपाईच्या रकमेसाठी त्याला इतर बिनतारणी धनकोंबरोबर रांगेत उभं राहावं लागतं. खरेदीदाराने मात्र लक्षात ठेवावं: जुन्या भरपाईतून तो सुटला, तरी वादातली वस्तू तशीच बनवत राहिला, तर ते त्याचं स्वतःचं नवं उल्लंघन ठरतं.

१६. कंपनी केव्हाच विसर्जित झाली, पण रजिस्टरवर मालक म्हणून तिचंच नाव आहे. पेटंट अजून चालू आहे. ते कोणाचं?

तीन शक्यता तपासा. एक, ते विकलं गेलं आहे पण नव्या मालकाने नोंद केलेली नाही. अमेरिकेत हस्तांतरण तीन महिन्यांत किंवा पुढच्या खरेदीआधी नोंदवलं नाही, तर नंतरच्या प्रामाणिक खरेदीदारापुढे ते टिकत नाही. दोन, दिवाळखोरीच्या यादीत ते कधी दाखवलंच गेलं नाही. अमेरिकेत यादीत दाखवलेली पण न विकलेली मालमत्ता प्रकरण बंद झाल्यावर कंपनीकडे परत जाते. न दाखवलेली मात्र दिवाळखोरीच्या मालमत्तेतच राहते, आणि त्यासाठी जुनं प्रकरण पुन्हा उघडता येतं. तीन, खरोखरच कोणी उरलेलं नाही. ब्रिटनमध्ये विसर्जित कंपनीची अशी बेवारस मालमत्ता राजसत्तेकडे जाते आणि तिच्या वतीने ती विकत देणारं कार्यालयही आहे.

जुन्या संचालकाने ‘मी सही करून देतो’ म्हटलं, तर त्या सहीला विसर्जनानंतर काही अर्थ उरला आहे का, हे आधी तपासा. मग शुल्क शेवटचं कोणी भरलं ते रजिस्टरवर पाहा. कंपनी बंद होऊनही शुल्क भरलं जात असेल, तर कोणीतरी ते पेटंट जपत आहे. भरणाऱ्या एजंटाचं नाव तिथेच असतं. पहिलं पत्र त्यालाच पाठवा.